महीच्या कड्यावरचा पहिला नोंदपट

बडोद्याला पाणी पुरवणाऱ्या फ्रेंच विहिरी फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा या गावांजवळ मही नदीच्या पात्रात आहेत. या विहिरी वरचं वाहतं पाणी उचलत नाहीत. पात्राखालच्या वाळूत आडव्या घातलेल्या जाळीदार नळ्यांतून झिरपणारं पाणी त्या गोळा करतात. वाळू पाणी देते, चिकणमाती अडवते. कुठे वाळू आणि कुठे चिकणमाती, हे त्या त्या वेळी तिथे नदी होती, पूरमैदान होतं की खाडी होती यावर ठरलेलं असतं. हीच रचना समजून घ्यायची तर पात्राबाहेर यायचं आणि काठाकडे बघायचं. रायक्याच्या बाजूला महीचे तीसेक मीटर उंचीचे कडे उभे आहेत आणि नदीची, पुराची, वाऱ्याची, खाली कुठे कुठे समुद्राचीही माती त्यांत एकावर एक उघडी पडली आहे.

हा मजकूर ज्यांनी कधी थर मोजलेले नाहीत त्यांच्यासाठी आहे. एका दिवसात पाच-सहा मीटर उंचीचा एक नीट नोंदपट, म्हणजे थरांची तळापासून वरपर्यंत कागदावर प्रमाणात काढलेली उभी नोंद, तयार करणं एवढंच ध्येय ठेवा. अख्खा कडा एका दिवसात होत नाही आणि घाईने केलेला तीस मीटरचा नोंदपट पाच मीटरच्या चांगल्या नोंदपटापुढे निरुपयोगी ठरतो.

एक नियम सुरुवातीलाच. कड्यासमोर उभं राहून 'हा थर समुद्राचा', 'हा नदीचा' असं वहीत लिहायचं नाही. तिथे फक्त दिसतं ते लिहायचं: जाडी, दाणे, हद्द, रचना, रंग. नाव घरी द्यायचं, सगळा पट समोर पसरून. कारण साधं आहे. बारीक वाळू नदीही टाकते, भरतीही टाकते, वाराही टाकतो. एकटा थर कधीच पुरेसं सांगत नाही. त्याच्या खाली काय आहे, वर काय आहे आणि त्यांच्यामधली हद्द कशी आहे, यातून त्या वेळचा परिसर, म्हणजे नदी, पूरमैदान की खाडी, ठरतो. नाव आधी सुचलं की डोळे त्याच नावाचे पुरावे शोधू लागतात आणि उलट पुरावा समोर असूनही वहीत येत नाही.

कधी जायचं, काय घ्यायचं

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात आणि तो संपल्यावर लगेच कडे ओले असतात आणि ढासळतात. पात्रात उतरण्याआधी वरच्या कडाणा धरणातून आणि वणाकबोरी बंधाऱ्यातून पाणी सोडणार आहेत का, याची गावात चौकशी करा. खालच्या बाजूला, पादरा तालुक्याकडे जात असाल तर भरतीची वेळ पाहूनच निघा. खंबातच्या आखातातली भरती देशातली सर्वांत मोठी, दहा मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून जास्त चढणारी आहे. जमीन कुणाची आहे ते विचारून परवानगी घ्या. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीच्या काठालाही मातीचे सुंदर छेद दिसतात, पण तिथे मगरी आहेत. शहरातल्या शहरात सराव करायचा म्हणून तिच्या पात्रात उतरू नका, पुलावरून दुर्बिणीने पाहा.

सामान मोजकंच लागतं. पाच मीटरची टेप, दीड मीटरची सरळ पट्टी (दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली), गवंड्याची थापी, खुरपी, रंगाचा जुना रुंद ब्रश, पाण्याची फवारणी बाटली, दहापट मोठं दाखवणारं भिंग, उतार मोजता येईल असं होकायंत्र, आलेखाची वही, दोन पेन्सिली, प्लास्टिकच्या पिशव्या आणि न पुसणारं मार्कर पेन. हातोडा इथे फारसा कामाचा नाही, कारण महीचे थर अजून दगड झालेले नाहीत. सोनगीरच्या वालुकाश्मासारख्या पक्क्या खडकाकडे गेलात तर तो लागेल. वाचनाचे नियम मात्र दोन्हीकडे तेच, आणि सुरुवात मऊ थरांवर केलेली बरी. थापी फिरवली की आतली रचना लगेच दिसते.

चुना ओळखण्यासाठी दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी ड्रॉपर बाटली ठेवा. ते प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून तयार पातळ केलेलंच घ्या. तीव्र आम्लच मिळालं तर तीन भाग पाण्यात एक भाग आम्ल हळूहळू ओता. आम्लात पाणी कधीच ओतू नका, उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि हातमोजे घाला. संडास साफ करायचं द्रावण यासाठी चालत नाही. त्यातल्या रंगामुळे आणि साबणामुळे फेस कशाचा हे कळत नाही.

जागा निवडणं आणि कडा साफ करणं

कडा उभा असेल तर वर पाहा. काठाला समांतर भेगा दिसल्या किंवा वरचा भाग छज्जासारखा पुढे आला असेल तर ती जागा सोडा. महीच्या कड्यातली वरची माती कोरडी असताना अगदी ताठ उभी राहते आणि काहीही कुरकुर न करता एकदम तुटते. घळीत, म्हणजे ज्याला तिथे कोतर म्हणतात त्यात, पायऱ्यांसारखे छोटे उतार सापडतात. नवख्यांनी तिथेच काम करावं. एक जण वर लक्ष ठेवायला हवाच. एकट्याने हे काम करू नये.

आता पुढची चूक टाळा, कारण ती बहुतेक सगळे करतात. समोर सलग दिसणारा थर खरोखर जागेवरचा आहे की वरून घसरून बसलेला ढेकूळ आहे? थर डावीकडे आणि उजवीकडे निदान पाच-सहा मीटर तसाच पुढे जातो का पाहा. एका बाजूला तो अचानक वाकडा होऊन तुटत असेल, किंवा त्यातल्या रेषा शेजारच्यांपेक्षा वेगळ्या कोनात असतील, तर ते घसरलेलं ढेकूळ आहे. ते मोजलं तर एकच थर पटात दोनदा येतो.

जागा पक्की झाली की अर्धा मीटर रुंदीची उभी पट्टी वरून खाली साफ करा. पाच ते दहा सेंटिमीटर खोल खरवडा. हे कंटाळवाणं वाटतं पण टाळता येत नाही. पावसाने वरची बारीक माती खाली ओघळून सगळ्या कड्यावर एक पातळ लेप चढलेला असतो. तो न काढता पाहिलं तर तळापासून वरपर्यंत सगळं एकाच तपकिरी मातीचं दिसतं. खरवडल्यावर ब्रशने झाडा, पाण्याची हलकी फवार मारा आणि पाच मिनिटं थांबा. वाळू लवकर सुकते, चिकणमाती ओली राहते. या सुकण्याच्या फरकातून पातळ पट्ट्या आपोआप उठून दिसतात.

मोजणं

मोजायला तळापासून सुरुवात करा आणि वर जा. थर त्याच क्रमाने साचले, पटही त्याच क्रमाने लिहायचा. प्रमाण १:५० ठेवा, म्हणजे एक मीटर थर कागदावर दोन सेंटिमीटर येतो. ए-४ कागदाच्या उंचीत चौदा मीटरहून थोडं जास्त मावतं.

उतारावर टेप टेकवून मोजलं तर जाडी खोटी वाढते. थर आडवे असतील तर मोजलेल्या लांबीला उताराच्या कोनाच्या साइनने गुणा. साठ अंशांच्या उतारावर टेप दोन मीटर दाखवते तेव्हा खरी जाडी १.७३ मीटर असते. तीस अंशांच्या उतारावर ती फक्त एक मीटर. ही आकडेमोड नको असेल तर पट्टी उभी धरून, डोळा तिच्या टोकाला आणून आडव्या नजरेने पुढचा बिंदू गाठा आणि तिथून पुन्हा पट्टी लावा.

दाणे ठरवायला चार मापं पाठ करा. ०.००४ मिमीच्या खाली चिकणमाती, ०.०६३ मिमीपर्यंत पोयटा, २ मिमीपर्यंत वाळू, त्यापुढे खडे-गोटे. ६४ मिमीपुढे मोठे गोटे. स्वयंपाकघरातला अंदाज सोबत ठेवा: मोहरीचा दाणा म्हणजे जाड वाळू, बारीक रवा म्हणजे मध्यम वाळूच्या आसपास. बारीक रवा आणि मोहरी दोन छोट्या पिशव्यांत भरून न्याल तर भिंगाखाली शेजारी ठेवून तुलना करता येते. पोयटा आणि चिकणमाती यांत गोंधळ होतो. थोडी माती ओली करून तळहातावर वळा. चिकणमातीची तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता निघते, पोयट्याची वळतानाच तुटते. जुने लोक दाताखाली धरून पाहायचे. खालच्या महीत कारखान्यांचं पाणी येतं, तेव्हा तो प्रयोग करू नका.

दाणे सारखे आहेत की सरमिसळ, गोल आहेत की कंगोरेदार, हेही लिहा. गोट्यांच्या थरात दगड कोणता ते पाहायला विसरू नका. महीचं पाणलोट क्षेत्र माळव्याच्या काळ्या बेसाल्टवरून आणि अरवलीच्या जुन्या क्वार्टझाइटवरून येतं. दोन्हीचे गोटे किती प्रमाणात आहेत, यावरून गाळ कुठून आला हे कळतं. चपटे गोटे पुस्तकांसारखे एकमेकांवर रेललेले असतील तर त्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतो. होकायंत्राने ती दिशा नोंदवा.

हद्द

नवखे लोक थराच्या पोटात वेळ घालवतात आणि हद्दीवरून उडी मारतात. उलट करा. दोन थरांमधली रेषा थापीने पुन्हा साफ करा आणि तिला तीन प्रश्न विचारा.

ती तीक्ष्ण आहे की हळूहळू बदलणारी? एका सेंटिमीटरच्या आत बदल होत असेल तर तीक्ष्ण लिहा. दहा-वीस सेंटिमीटरमध्ये पोयटा हळूहळू वाळू होत असेल तर क्रमशः.

ती सपाट आहे की खड्डे पाडणारी? गोट्यांच्या थराने खालच्या पोयट्यात खोलगट खाचा पाडल्या असतील, आणि त्या खाचांत खालच्याच पोयट्याचे ढेकळे अडकले असतील, तर तिथे नदीने आधी माती खरवडली आणि मग गोटे टाकले. म्हणजे मधला काही काळ पटातून गेला. किती गेला ते जाडीवरून कळत नाही.

आणि खालच्या थराचा माथा उघडा राहिला होता का? मुळांच्या नळ्या, चिखल सुकून पडलेल्या भेगा, लालसर झालेला पट्टा, वर जाताना वाढणारी घट्ट ढेकळी रचना ही उघडी जमीन बराच काळ तशीच राहिल्याची लक्षणं आहेत. महीच्या कड्यात असा एक लालसर, पुरलेल्या मातीचा पट्टा लांबवर दिसतो. तो सापडला की पटावर ठळक खूण करा, पुढे दोन पट जोडताना त्याचाच आधार मिळतो.

हद्द क्रमशः असेल तेव्हाच एक मोलाचा नियम लावता येतो: एकावर एक आलेले परिसर एकेकाळी शेजारी शेजारी होते. खालची खाडी, वरची खाजणाची काळी माती आणि तिच्यावरचं पूरमैदान मध्ये खंड न पडता आले असतील, तर किनारा समुद्राकडे सरकत गेला. हद्द खरवडलेली असेल तर मात्र हा नियम चालत नाही.

रचना

वाळूच्या थरात तिरप्या रेषा दिसल्या की 'जमीन कलली' असं समजू नका. थराच्या वरच्या आणि खालच्या हद्दी आडव्या असून फक्त आतल्या रेषा तिरप्या असतील, तर ते प्रवाहाने ढकललेल्या वाळूच्या लाटांचे उतार आहेत. त्या रेषा ज्या दिशेला उतरतात तिकडे पाणी जात होतं. मात्र एकाच भिंतीवर दिसणारा उतार खरा नसतो. थापीने पहिल्या भिंतीशी काटकोनात दुसरा छोटा छेद घ्या आणि दोन्हीवर कोन मोजा. निदान दहा ठिकाणच्या दिशा घेतल्याशिवाय प्रवाहाबद्दल काही बोलू नका, कारण नदीच्या एका वळणातही दिशा चहूकडे पसरतात.

दिशा सगळ्या साधारण एकीकडे असतील आणि थराच्या तळाशी गोटे, मध्ये वाळू, वर पोयटा असा दाणा बारीक होत जात असेल, तर नदीच्या पात्राचा संशय धरा. लगतच्या थरांत रेषा एकदा एकीकडे, एकदा उलटीकडे उतरत असतील तर भरती-ओहोटीचा.

भरतीची सगळ्यात सुंदर खूण पातळ जोड्यांत मिळते: वाळूची बारीक पट्टी, तिच्यावर चिखलाचा पापुद्रा, पुन्हा वाळू, पुन्हा पापुद्रा. पाणी वाहतं तेव्हा वाळू हलते, भरती किंवा ओहोटी क्षणभर थबकते तेव्हा तरंगता चिखल खाली बसतो. दिवसाला दोन भरत्या म्हणजे एका उधाणापासून (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीपासून) पुढच्या उधाणापर्यंत अठ्ठावीसच्या आसपास. त्यामुळे पट्ट्या जाड होत जातात, मग बारीक होतात, पुन्हा जाड. अशा पट्ट्या दिसल्या तर एक सलग भाग निवडून मिलिमीटरमध्ये जाड्या मोजा आणि घरी आलेख काढा. लय दिसली तर पुरावा भक्कम. काही पट्ट्या पुसल्या जातातच, म्हणून बरोबर अठ्ठावीस आल्या नाहीत तर निराश होऊ नका.

वरच्या भागात उलट परिस्थिती येते. कुठलीच रेषा नाही, खडा नाही, सगळा एकसारखा पिवळसर पोयटा. रचना नसणं हीसुद्धा नोंद आहे, ती लिहा. महीच्या कड्यांच्या माथ्यावरचा असा पोयटा कोरड्या काळात वाऱ्याने आणून टाकलेला आहे.

कंकर, रंग आणि इतर फसवे पुरावे

कंकर, म्हणजे चुन्याचे पांढुरके खडे, महीच्या मातीत सगळीकडे भेटतात. आम्ल टाकलं की फसफसतात. ते सहसा गाळाबरोबर आलेले नसतात. पाऊस कमी, उन्हाळा कडक अशा हवेत जमिनीतला चुना वर-खाली होऊन मातीतच गोठतो. जागेवर तयार झालेले कंकर वेडेवाकडे, बोटांसारखे, बरेचदा मुळाच्या नळीभोवती उभे असतात. तेच कंकर गोल झिजलेले, एका ओळीत, गोट्यांच्या तळाशी सापडले तर गोष्ट बदलते: नदीने आधीची जमीन खणून त्यातले कंकर वाहून आणले. दोन्हींना वहीत नुसतं 'कंकर' लिहिलंत तर एक अख्खी घटना हरवते.

रंग सर्वांत शेवटी नोंदवा, ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही स्थितींत. लाल म्हणजे वाळवंट नव्हे. लोह हवेत गंजलं की लाल दिसतं, ते पूरमैदानातही घडतं. निळसर-करडी चिकणमाती उघडी पडली की काही काळात पिवळट होते, म्हणून ताज्या खरवडीचाच रंग धरा. पांढरी खारी पापुद्री समुद्राचा पुरावा नाही. भूजल सुकूनही ती येते.

शिंपले तुटके असतील तर ते कुठूनही वाहून आले असतील. दोन्ही झाकणं जुळलेली, आपल्या जागी उभी असतील तरच ते तिथे जगले असं धरा. फोरामिनिफेरा हे सूक्ष्म कवचधारी जीव पाहायचे असतील तर शंभर ग्रॅम कोरडी माती धुण्याच्या सोड्याच्या चिमटीसह रात्रभर भिजवा, ०.०६३ मिमीच्या चाळणीवर हळू धुवा, वाळवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने उचला. इथेही सावध राहा: एवढ्या मोठ्या भरतीच्या खाडीत बारीक कवचं गढूळ पाण्याबरोबर आत खूप दूरवर जातात. मूठभर लहान, झिजलेली कवचं सापडणं आणि अनेक आकारांची न झिजलेली कवचं सापडणं यांत फरक करा.

घरी पट उलगडताना

मोठा क्रम लक्षात असला की आपला पाच मीटरचा तुकडा त्यात बसवता येतो. जिथे नदीने तळ उघडा केला आहे तिथे सर्वांत खाली निळसर चिकट माती आहे. ती सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळात चढलेल्या समुद्राशी जोडतात. तिच्यावर नदीचे गोटे आणि वाळू, मग पूरमैदानाचा पोयटा, लालसर पुरलेली माती, आणि माथ्यावर वाऱ्याचा पोयटा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमकाळ ऐन भरात असताना समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. खंबातचं आखात उथळ आहे, त्यामुळे तेव्हा ते सगळं कोरडी जमीन होतं आणि आजच्या मुखापासून किनारा खूप दूर होता. कड्याच्या वरच्या भागात समुद्राची खूण शोधून मिळत नाही ती यामुळे.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. 'खालचा थर जुना' हा नियम एका उभ्या पट्टीतच खरा. मही नंतर आपल्याच गाळात खोल उतरली, जमीनही काहीशी उचलली गेली, घळी पडल्या. मग समुद्र पुन्हा चढला आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आला. कोरलेल्या खोऱ्यात भरती शिरली आणि तिथे नवा गाळ साचला. मुजपूर, कोठियाखाड या बाजूला ही बुटकी, सपाट पायरी उंच कड्याला टेकून उभी दिसते. ती कड्याच्या माथ्यापेक्षा बरीच खाली आहे, पण वयाने सर्वांत तरुण. उंचीवरून तिला कड्याच्या तळाच्या थराशी जोडलं तर हजारो वर्षांचा पट उलटा होतो. म्हणून प्रत्येक नोंदपटावर आडवा छेदही काढा: नदी, बुटकी पायरी, उंच कडा, आणि आपण नेमकं कुठे मोजलं.

पट्ट्यांची लय पटत नसेल तर जांबूसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला जाऊन ओहोटीचा चिखल पाहा. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीला बाहेर येतं. काठावरूनच ओहोळांच्या कडा, तरंगांच्या खुणा, खेकड्यांची बिळं आणि चिखलाचे ताजे पापुद्रे दिसतात. चिखलात पाऊल टाकू नका. तो मांडीपर्यंत ओढतो आणि पाणी चालण्याच्या वेगापेक्षा लवकर येतं.

पहिला पट पूर्ण झाल्यावर दुसरा त्याच कड्यावर पन्नास ते शंभर मीटर पलीकडे घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून लालसर पुरलेली माती एका रेषेत आणा आणि बाकीचे थर जुळवा. पोयट्याचे थर बहुधा जुळतील. गोट्यांचा थर एका पटात दोन मीटर आणि दुसऱ्यात बोटभर किंवा अजिबातच नसेल, तर मोजण्यात चूक झाली असं गृहीत धरू नका. नदीचं पात्र अरुंद असतं, ते दुसऱ्या पटापर्यंत पोचलंच नसेल. मधल्या जागी तिसरा पट घ्या आणि त्याची कड शोधा.